बोलता येईल असा वेग

"मंदाताई, नंबर उलटा लावलाय तुम्ही."

कुमुदताईंनी माझ्या छातीवरच्या चारही पिना काढल्या, कागद सरळ केला आणि पुन्हा टोचायला सुरुवात केली. पहाटेचे पावणेसहा वाजले होते. डिसेंबरातलं नाशिक, पारा नऊवर. मैदानभर लोक हात चोळत, उड्या मारत होते. कुमुदताईंची बोटं गार पडली होती. दोनदा पीन निसटली आणि मला वाटलं, ही बाई आता मान वर करून माझ्या तोंडाकडे बघेल. मी नजर दुसरीकडे नेली.

"झोप झाली का?" त्यांनी विचारलं.

"झाली की."

"मला नाही आली. गार दूध प्यायलं की येते म्हणतात, तेही करून बघितलं."

"एकवीस किलोमीटरच तर पळायचंय. इतकं काय घ्यायचं मनावर?"

त्या हसल्या नाहीत. मी बुटाची नाडी सोडून परत बांधली. ती सुटलेली नव्हती.

कुमुद अमृतकर म्हणजे माझ्या मेघनाच्या सासूबाई, माझ्या विहीणबाई. ह्या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते, त्या साठीच्या. मेघना आणि त्यांचा हर्षल पुण्यात राहत होते आणि आम्ही दोघी विहिणी नाशकात, चार किलोमीटरच्या अंतरावर. टेलिफोन खात्यात मी तेहतीस वर्षं खुर्चीवर बसून काढली होती. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर मला घरात बसवेना. तेव्हा गोल्फ क्लबच्या मैदानावर खैरनार सरांचा पळण्याचा गट होता, तिथे नाव घातलं. वर्षभरानं कुमुदताईंचे यजमान गेले. तेरावा झाल्यावर त्यांना घराबाहेर काढावं म्हणून मी त्यांना मैदानावर नेलं. आधी त्या चालल्या, मग पळाल्या, आणि पाच-सहा महिन्यांत माझ्या बरोबरीला आल्या.

खैरनार सर शाळेतून निवृत्त झालेले पी.टी.चे शिक्षक. त्यांचे नियम दोन. पहिला, लांब पल्ल्याला जोडीनं पळायचं आणि जोडी सोडायची नाही. दुसरा, बोलता येईल अशाच वेगानं पळायचं. "पूर्ण वाक्य यायला पाहिजे तोंडातून," ते म्हणायचे. "वाक्य मध्ये तुटलं, की समजा तुम्ही उद्याची शिदोरी आज खाताय."

म्हणून आम्ही बोलायचो. आठवड्यातले चार दिवस, दीड-दोन तास. शेवेच्या भाजीतला मसाला, पेन्शनच्या रांगा, माझी धाकटी जाऊ, त्यांच्या वरच्या मजल्यावरचा तबला. कुमुदताई इतक्या बोलायच्या, की गटातल्या मुली त्यांना आकाशवाणी म्हणायच्या. घरात मी त्यांना कधी एवढं बोलताना बघितलं नव्हतं. पण तेव्हा ते माझ्या फारसं ध्यानात आलं नाही.

जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन होती. बेचाळीस किलोमीटर. दोघींनी नावं भरली होती. त्याआधी सरावाची म्हणून ही आमच्या शहरातली हाफ. सरांनी बजावून ठेवलं होतं, "ही शर्यत नाही. किलोमीटरला साडेआठ मिनिटं. तीन तासांनी हसत या."

आदल्या दिवशी संध्याकाळी सात वाजता मेघनाचा फोन आला होता.

"आई, हर्षल माझ्याशी बोलत नाही."

"भांडलात का?"

"नाही. पाडव्याला मी ओवाळलं, तेव्हापासून एक शब्द नाही. शेहेचाळीस दिवस झाले. फ्रीजवर चिठ्ठी लावतो. ‘गॅस बुक करणे.’ ‘उशीर होईल.’ घरात दोघंच असतो गं, आणि टीव्ही लावला नाही तर मला माझं श्वास घेणं ऐकू येतं." मग म्हणाली, "हे तिसऱ्यांदा आहे. तुला आधीचं सांगितलं नव्हतं. मी निघून यावं म्हणते. काय करू?"

मी तिला काहीतरी उत्तर दिलं आणि फोन ठेवला. आणि रात्रभर कूस बदलत राहिले. लेक घर सोडणार आणि ज्या घरातून ती बाहेर पडणार, त्या घरची बाई पहाटे माझ्या शेजारी उभी राहणार. तिला मी काय सांगू? सांगितलं, की संपलंच. कुठली विहीण दुसऱ्या दिवशी मैदानावर येईल? आमच्या वेगाचं गटात दुसरं कोणी नव्हतं. कुमुदताई गेल्या, की माझी फुलही गेली.

सहाला सुटलो. मी पहिल्या पावलापासून जोरात निघाले.

ठरवून नाही. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. पण पहिल्या किलोमीटरच्या फलकाशी घड्याळ बघितलं तर सात मिनिटं दहा सेकंद. कुमुदताई माझ्या डाव्या खांद्याशी होत्या. त्या म्हणतील, ‘अहो, हळू!’ म्हणून मी वाट पाहिली. त्या काही बोलल्या नाहीत. दुसरा किलोमीटर सात पाच. मला बरं वाटलं. ह्या वेगात कोणाला काही विचारता येत नाही आणि सांगताही येत नाही.

गंगापूर रोडनं आनंदवल्ली मागे पडली, सोमेश्वर आलं. थंडीनं नाक वाहत होतं, कान दुखत होते. दर दहा पावलांना मनात एक वाक्य तयार व्हायचं: ‘कुमुदताई, काल मेघनाचा फोन आला होता.’ दुसरं पाऊल पडायच्या आत मी वेग वाढवायचे आणि ते वाक्य मागे पडायचं. पुन्हा तयार व्हायचं. कोणीतरी मागे लागल्यासारखी मी पळत होते, आणि जे मागे लागलं होतं ते माझ्या शेजारीच धापा टाकत होतं.

पाचव्या किलोमीटरला पाण्याच्या टेबलाशी एक मुलगी ओरडली, "काकू, मस्त! मुलींना मागे टाकलंत!"

कुमुदताईंनी पेला घेतला, एक घोट प्यायल्या, उरलेलं पाणी सांडत माझ्या मागे आल्या. एरवी त्या तिथे उभ्या राहून त्या मुलीचं गाव विचारतील अशी बाई.

पुढे द्राक्षबागा लागल्या. त्या आठवड्यात थंडी फार होती. घडांना गारठा लागू नये म्हणून बागायतदारांनी पहाटेच बांधाबांधावर काडीकचरा पेटवला होता. धूर जमिनीलगत पसरलेला. त्यात पुढचे पळणारे गुडघ्यापासून वर तेवढे दिसत होते. माझ्या घशात धूर गेला, खोकला आला, तरी मी थांबले नाही.

साडेदहा किलोमीटरला वळण होतं. तिथे खैरनार सर सायकलला टेकून उभे, माकडटोपी घालून. लांबूनच त्यांनी घड्याळ बघितलं आणि दोन्ही हात वर केले.

"काय चाललंय हे? अमृतकर बाई! शिरुडे बाई! एक वाक्य बोला बघू!"

मी म्हटलं, "सर... आम्ही... जरा..."

"तुटलं! अमृतकर बाई, तुम्ही?"

कुमुदताईंनी नुसता हात हलवला.

"आकाशवाणी बंद?" सर सायकल ढकलत आमच्या बाजूनं पळायला लागले. "अहो, आज तुम्हाला चांदीची वाटी देणार आहे का कोणी? पाय मोडून घ्याल. जानेवारीत मुंबईला काय मला पाठवणार? हळू!"

आम्ही हळू झालो नाही. पंचवीस पावलं त्यांनी साथ दिली, मग मागून फक्त त्यांचा आवाज आला, "दोघींनाही वेड लागलंय!"

दोघींनाही. तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं, की मी पळतेय ते माझ्या भीतीनं. पण ही का पळतेय?

चौदाव्या किलोमीटरला कुमुदताईंचा पाय धरला. "आई गं," एवढंच मी ऐकलं. वळून बघते तर त्या उजवी पोटरी दोन्ही हातांत धरून रस्त्याच्या कडेला वाकल्या होत्या. मी परत गेले, त्यांचा पाय माझ्या गुडघ्यावर घेतला आणि बोटं वर ओढली. पोटरी दगडासारखी झाली होती. बाजूनं लोक जात होते. कोणीतरी औषधाचा फवारा मारून गेलं.

"चालता येईल?" मी विचारलं.

"येईल. पळता नाही येणार."

आम्ही चालायला लागलो. बागेतला धूर, पायाखाली ओली खडी. माझ्या हातांचं काय करावं ते मला कळेना. कधी हातमोजे काढले, कधी घातले.

"आता चालतोय," कुमुदताई म्हणाल्या. "आता बोलता येतं."

"काय बोलायचंय?"

"काल मेघनाचा फोन आला होता ना तुम्हाला?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तिनंच. तिला मीच म्हटलं होतं, आता आईला सांग. भाऊबीजेपासून मी तिच्या मागे लागले होते."

"भाऊबीजेपासून? म्हणजे दीड महिना तुम्हाला ठाऊक आहे?"

"दिवाळीला आले होते ना दोघं. सकाळी हर्षल मला म्हणाला, ‘मम्मी, तिला सांग मला चहा नको.’ ती समोर बसली होती, मंदाताई. हातभर अंतरावर. माझ्या हातातली गाळणी खाली पडली."

"आणि तुम्ही रोज माझ्याबरोबर पळत होतात! सगळ्या गावाच्या गोष्टी सांगत होतात!"

"तिनं शपथ घातली होती. म्हणाली, आईला मी सांगेन."

मला राग आला. खरं म्हणजे राग आला ह्याचं बरंच वाटलं, कारण रागात हातपाय स्थिर होतात. "मग तिला घर सोडायचं कोणी शिकवलं? तिच्या डोक्यात ते कुठून आलं?"

"मी सांगितलं. नीघ म्हटलं."

"तुम्ही? माझ्या पोरीला घर सोड म्हणून सांगणाऱ्या तुम्ही कोण?"

"तिची सासू."

शेजारून जाणारा एक जण चमकून आमच्याकडे बघत गेला. कुमुदताई लंगडत होत्या, पण त्यांचा आवाज अजिबात लंगडत नव्हता.

"अमृतकर माझ्याशी सात-सात महिने बोलायचे नाहीत. तुम्हाला नाही माहीत. कोणालाच नाही. पोळी करपली, तर हर्षलला म्हणायचे, ‘आईला सांग पोळी करपली.’ तो बिचारा सहा वर्षांचा, दोघांच्या मध्ये बसून निरोप द्यायचा. मला वाटायचं, मारत नाहीत, दारू नाही, आपण काय बोलायचं? चौतीस वर्षं मी गॅसशी बोलले, भांड्यांशी बोलले. तुम्ही मला मैदानावर नेलंत ना, सर म्हणाले पूर्ण वाक्य बोला, तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग... जाऊ द्या. माझा मुलगा आहे, मी त्याच्याशीही बोलणार आहे, त्याला सोडणार नाही. पण त्यासाठी तुमची मुलगी तिथे बसवून ठेवू?"

मी हातमोजे पुन्हा काढले.

"आणि तुम्ही काय सांगितलंत तिला काल?"

मी बागेकडे बघत राहिले. घडांना कागद गुंडाळलेले होते, ओळीनं.

"मंदाताई, गप्प बसू नका. मला ते चालत नाही."

"म्हटलं, संक्रांत होऊ दे. सणावाराचं असं निघून येऊ नये. थांब जरा. न बोलणं म्हणजे काही मारहाण नाही."

"हं. तिनं रात्री मला फोन केला, रडत. संक्रांतीपर्यंत थांब म्हणते आई, म्हणाली. लग्नाला सहा वर्षं झाली, आता कसली संक्रांत म्हणून तिला काही कळेना." कुमुदताई थांबल्या. पोटरी चोळायला वाकल्या आणि वाकलेल्याच म्हणाल्या, "मला कळलं. संक्रांत बुधवारी आहे. फुल त्या रविवारी. मी काही दूधखुळी नाही."

मी खोटं बोलू शकले असते. तेहतीस वर्षं टेलिफोनवर मी लोकांना ‘लाइन व्यस्त आहे’ असं न अडखळता सांगत आले होते. पण त्यांचा चेहरा वर आला आणि माझ्या तोंडून निघालं, "हो."

"हो काय?"

"तुम्ही यायच्या बंद व्हाल असं वाटलं. फुल जाईल असं वाटलं. पाचच आठवडे उरलेत, म्हटलं, एवढे काढले तिनं, अजून पाच..." उघड्यावर ऐकलं, की ते वाक्य किती हिडीस होतं ते कळत होतं.

कुमुदताई माझ्याकडे बघत होत्या. त्या ओरडतील, रडतील, काहीही करतील असं वाटलं. त्यांनी कमरेच्या पट्ट्यातून छोटा मोबाइल काढला, हात लांब धरून मेसेज वाचला.

"सिन्नर सोडलं म्हणतेय."

"कोणी?"

"मेघनानं. पहाटे चारच्या गाडीनं निघालीय. पाऊण तासात स्टँडवर येईल. किल्ली मी शेजारच्या वैद्यांकडे ठेवून आलेय."

"तुमच्याकडे उतरतेय? माझ्याकडे का नाही?"

"तुम्ही संक्रांतीनंतर बोलावलंत ना."

त्या हे टोचून बोलल्या नाहीत. वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. मी रस्त्यात उभी होते, अंगातला घाम गार होत होता आणि दात वाजायला लागले होते. पुढे पंधराचा फलक दिसत होता. त्याच्यापुढे सहा किलोमीटर, मग कमान, पदक, केळं.

"मी जाते स्टँडवर," मी म्हटलं.

"जोडी सोडून?" कुमुदताईंनी विचारलं आणि पट्ट्यातली घडी घातलेली नोट काढून माझ्या मुठीत कोंबली. "जा. सरांना मी सांगते काय ते. आणि तिला खरं सांगा. मला सांगून उपयोग नाही."

शर्यतीच्या वाटेवरून बाहेर पडताना एक स्वयंसेवक मुलगी दोरी धरून उभी होती. "काकू, इकडे नाही, रस्ता तिकडे आहे," ती म्हणाली. मी दोरीखालून वाकून गेले. चौकात रिक्षावाल्यानं माझा अवतार बघितला. "मावशी, शर्यत रिक्षानं करताय काय?" "स्टँडवर घे," मी म्हटलं, "आणि बोलू नकोस." अख्ख्या वाटेत मी पुढच्या दांड्याला धरून अर्धी उभीच होते. सिग्नलला तर वाटलं उतरावं आणि पळावं.

निकालाच्या यादीत माझ्या नावापुढे ‘अपूर्ण’ असं छापून आलं. कुमुदताईंनी चालत चालत तीन तास सोळा मिनिटांत ती हाफ पुरी केली. मुंबईची फुल त्या जानेवारीत आमची झाली नाही. त्यांच्या पोटरीचा स्नायू फाटला होता आणि मला एकटीला जायचं नव्हतं. पुढच्या वर्षी झाली, दोघींची. लोक तीच गोष्ट विचारतात, म्हणून सांगून टाकलं.

गाडी वीस मिनिटं उशिरा आली. मी स्टँडवर आधी बाकावर बसले, उठले, फलाट एकवरून पाचवर गेले, परत आले. लोक माझ्या छातीवरचा नंबर वाचत होते. पुण्याची गाडी आत वळली तेव्हा मी दाराशी इतकी जवळ गेले, की कंडक्टर ओरडला.

मेघना सगळ्यांच्या शेवटी उतरली. केस विस्कटलेले, एका हातात सुटकेस, दुसऱ्या हातात फुगलेली कापडी पिशवी. मला बघून ती पायरीवरच थांबली.

"आई? तुझी शर्यत होती ना?"

"होती."

"मग?"

"मेघना, संक्रांतीचं काही नव्हतं. जानेवारीत फुल होती, म्हणून मी तुला थांब म्हटलं. कुमुदताई माझ्याबरोबर पळायच्या थांबतील, म्हणून."

तिला कळायला वेळ लागला. माझे बूट, मांडीवर वाळलेला चिखल, छातीवरचा कागद, सगळं तिनं एकदा पाहिलं. मागचा माणूस म्हणाला, "उतरा हो बाई," तेव्हा ती खाली उतरली.

"आणि मला वाटलं," ती म्हणाली, "माझंच काहीतरी चुकतंय. रात्रभर मी तेच शोधत होते."

"तुझं काही चुकत नाही."

तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला आजही सांगता येणार नाही. मी सुटकेसला हात घातला, तिनं दिली नाही. क्षणभरानं कापडी पिशवी माझ्यापुढे धरली. ती जास्त जड होती, पुस्तकांची असावी.

"मम्मींकडे चाललेय मी," ती म्हणाली. "तुझ्याकडे नाही."

"माहीत आहे. मी दारापर्यंत येते."

ती फाटकाच्या दिशेनं निघाली, झपझप, सुटकेस पायांवर आपटत. माझ्या पोटऱ्या तोवर आखडून गेल्या होत्या, पिशवीचे बंद बोटांत रुतत होते आणि गर्दीतून तिची निळी ओढणी लांब लांब जात होती. ‘जरा थांब गं,’ असं अगदी ओठांवर आलं होतं. मी ते बोलले नाही. पाय उचलले आणि तिच्या मागून निघाले.